क्रेडिट कार्डाची वार्षिक फी वसूल होते का? गोव्यातल्या घरखर्चाच्या वहीवरून

माझं पहिलं फीवालं कार्ड मी एका मॉलच्या दारातल्या स्टॉलवर घेतलं. "मॅडम, पहिल्या वर्षी फ्री, एअरपोर्टवर लाउंजसुद्धा फ्री," एवढ्यावरच मी सही केली. तेराव्या महिन्याच्या बिलात २,९५० रुपये दिसले. २,५०० फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. त्या रात्री वही घेऊन बसले आणि वर्षभरात त्या कार्डाने मला दिलं काय ते लिहून काढलं. सातशे रुपयांचं एक व्हाउचर, तेही गोव्यात शाखाच नसलेल्या दुकानाचं. आणि लाउंजमधला एक नाश्ता.

खाली आहे ते त्या वहीतलं आणि नंतरच्या तीन वर्षांतल्या चुकांमधलं. तुम्ही पहिल्यांदाच कार्ड घेत असाल, किंवा बँकेतून "तुम्हाला प्रीमियम कार्ड मंजूर झालंय" असा फोन आला असेल, तर होकार द्यायच्या आधी अर्धा तास काढून हे करा.

हिशेबाला काय लागेल

- गेल्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि युपीआयचा इतिहास
- कार्डाच्या अटींची पीडीएफ. जाहिरातीचं पान नको, बँकेच्या साइटवर 'एमआयटीसी' नावाने असते ती
- रिवॉर्डच्या (खर्चावर मिळणाऱ्या पॉइंट-कॅशबॅकच्या) अटींचं वेगळं पान (बहुतेक सापळे इथेच असतात)
- वही, पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर

१. आधी एकच प्रश्न: बिल दर महिन्याला पूर्ण भरता का?

उत्तर "बहुतेक वेळा" असेल तर फीचं कार्ड विसरा. थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतं आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. १०,००० रुपये महिनाभर राहिले की चारशेच्या वर गेले. एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर चारशे मिळवायला ४०,००० खर्च करावे लागतात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

ऑटो-डेबिटचा फॉर्म भरताना 'किमान देय रक्कम' आणि 'एकूण देय रक्कम' असे दोन पर्याय असतात. एकूणवरच खूण करा. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीने किमानवर केली होती, आणि चार महिने तिला वाटत होतं की बिल भरलं जातंय.

२. वहीत लिहा: कार्डावर खरोखर किती जाऊ शकतं

जाहिरातीतलं गणित मुंबई-बंगळुरूच्या माणसाचं असतं. तो भाजीसुद्धा ॲपवरून मागवतो. आपल्याकडे घरखर्चाचा मोठा भाग कार्डापर्यंत पोचतच नाही. मासळी रोखीने. पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवरून येतो, त्याचे महिन्याचे पैसे महिनाअखेरीस हातात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीवर बांधायच्या माटोळीचं फळापानांचं सामान, खाजं, देवळातली पावती, सगळं रोख नाही तर युपीआय. घरमालक बँकेत पैसे घेतो. भाडं कार्डावरून भरायची सोय बऱ्याच ॲपांनी २०२५ मध्ये बंद केली; आधीही वर साधारण एक टक्का शुल्क लागायचं आणि पॉइंट बहुतेक कार्डांवर मिळत नसत.

माझं घर फोंड्यात, मी आणि नवरा दोघं नोकरी करतो, मुलगी शाळेत. महिन्याचा खर्च ४५,००० च्या आसपास. त्यातलं कार्डावर जाणारं वर्षाचं काढलं ते असं:

- सुपरमार्केट: ७२,०००
- ऑनलाइन खरेदी आणि वर्षातून दोनदा विमानाची तिकिटं: ७२,०००
- हॉटेलात जेवण: २४,०००
- विम्याचा हप्ता: २२,०००
- पेट्रोल: ३६,०००
- वीजबिल: १६,८००

एकूण २,४२,८००. साडेपाच लाखांच्या घरखर्चातले अडीच लाखसुद्धा नाहीत. त्यातून पेट्रोल आणि वीज वेगळी काढा, कारण पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत आणि वीजबिलासारख्या बिलांवर एकतर देत नाहीत किंवा अगदी कमी देतात. विम्यावरही मर्यादा असतात, तरी तो मी हिशेबात ठेवला. पॉइंट मिळवून देणारा खर्च उरला १,९०,०००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गोव्यात दर घरामागे दोन स्कूटर आणि प्रत्येकाला 'फ्युएल सरचार्ज माफ' हे वाक्य आवडतं. कार्डाने पेट्रोल भरलं की साधारण एक टक्का सरचार्ज लागतो. कार्ड तो परत करतं, पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. आणि माफीला किमान रकमेची अट असते, बऱ्याच कार्डांवर ४०० किंवा ५०० रुपये. स्कूटरची टाकीच पाच लिटरची, आपण भरतो दोनशेचं नाही तर तीनशेचं. म्हणजे माफी मिळतच नाही. स्कूटरला युपीआय बरं, कार्ड फक्त गाडीची टाकी भरताना.

युपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. भुसारी दुकानदाराकडे कार्डाचं मशीन नसतं, पण क्यूआर असतो, त्यामुळे आपल्यासारख्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. दोन गोष्टी बघा. क्यूआर दुकानदाराच्या व्यापारी खात्याचा हवा, त्याच्या खासगी नंबरवर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. आणि युपीआयवरचा परतावा पुष्कळदा नेहमीच्यापेक्षा कमी असतो, तो वेगळा लिहून घ्या.

काही दुकानांत "कार्ड असेल तर दोन टक्के जास्त" असं ऐकवतात. दोन टक्के जास्त देऊन दीड टक्क्याचे पॉइंट मिळवू नका.

३. पॉइंटचे रुपये करा

'दर १५० रुपयांवर ४ पॉइंट' हे ऐकायला घसघशीत वाटतं. एका पॉइंटची किंमत विचारा. कॅटलॉगमधून मिक्सर घेतला तर २५ पैसे, बँकेच्या पोर्टलवर विमानाचं तिकीट काढलं तर ५० पैसे, असा फरक असतो. पहिल्या हिशेबाने १५० रुपयांवर एक रुपया, म्हणजे ०.६७ टक्के. दुसऱ्याने १.३३ टक्के. तुम्ही वर्षातून एकदाच विमानात बसत असाल तर पहिलाच आकडा धरा. आणि पोर्टलवरचं तिकीट बाहेरच्यापेक्षा महाग नाही ना, तेही बघा. माझ्या एका तिकिटात ३८० रुपयांचा फरक निघाला होता, पॉइंटची सगळी कमाई तिथेच गेली.

मग टप्प्याचा सापळा. '१५० रुपयांवर' म्हणजे पूर्ण १५०. २९० च्या बिलावर एकच टप्पा धरतात, १४० च्या बिलावर शून्य. ज्याची रोजची बिलं ऐंशी-शंभराची, त्याच्यासाठी कागदावरचा दर आणि हातात पडणारा दर वेगळे. अशा माणसाने थेट कॅशबॅक देणारं कार्ड बघावं. पॉइंट वटवताना शुल्क आणि त्यावर जीएसटी घेणारी कार्डंही आहेत, ते वजा करा. पॉइंटची मुदत किती, तेही लिहा.

साठवून ठेवू नका. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण कार्डांच्या मागे लागलेल्या लोकांत अजून निघतं. महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि फी १०,००० वरून १२,५०० झाली. शुल्क बदलायचं तर बँकेने किमान एक महिना आधी कळवावं असा नियम आहे, पण तो ईमेल आपण उघडतो कुठे!

४. फी शून्यासमोर नको, फुकटच्या कार्डासमोर तोला

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, मीही चुकले. आपण म्हणतो, "कार्डाने वर्षात ३,८०० रुपये दिले, फी २,९५०, म्हणजे ८५० चा फायदा." पण फीचं कार्ड नसतं तर तुम्ही रोखीने खर्च केला असता का? नाही. खिशात फुकटचं कार्ड असतंच. उदाहरणार्थ ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही आणि ॲमेझॉनबाहेरच्या बऱ्याचशा खर्चावर ते १ टक्का देतं. म्हणून प्रश्न असा विचारा: फुकटच्या कार्डापेक्षा हे कार्ड जास्तीचं किती देतं?

माझ्या वहीतला हिशेब. पॉइंटवाला खर्च १,९०,०००. २,५०० फीचं कार्ड सगळ्यावर २ टक्के देतं असं उदारपणे धरलं, तर ३,८००. फुकटचं कार्ड १ टक्क्याने १,९००. जास्तीचे १,९००. फी जीएसटीसकट २,९५०. वर्षाला १,०५० चा तोटा. हे कार्ड फक्त बरोबरीत यायला वर्षाला २,९५,००० चा पॉइंटवाला खर्च लागतो, जो माझ्या घरात होत नाही.

आता दुसरं. एसबीआय कार्डच्या कॅशबॅक कार्डाची फी ९९९, जीएसटीसकट १,१७९. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के. माझा ऑनलाइन खर्च ७२,०००. फुकटच्या कार्डापेक्षा ४ टक्के जास्त, म्हणजे २,८८०. फी वजा करून १,७०१ हातात. बरोबरीत यायला महिन्याला जेमतेम अडीच हजारांची ऑनलाइन खरेदी पुरते. ऑनलाइन म्हणजे सगळंच ऑनलाइन नव्हे, विमा, वीजबिल वगैरे प्रकार वगळलेले असतात, ती यादी वाचा. आणि तुमची बहुतेक खरेदी एकाच साइटवर असेल तर त्या साइटचं फुकट कार्डच तिथे तेवढे टक्के देत असेल, मग फरक शून्य होतो.

सूत्र एवढंच: जीएसटीसकट फी ÷ (या कार्डाचा टक्का − फुकटच्या कार्डाचा टक्का). आलेला आकडा तुमच्या खर्चापेक्षा मोठा असेल तर फॉर्म परत करा.

कॅशबॅकला महिन्याची कमाल मर्यादा असते. चवथीच्या महिन्यात आपण टीव्हीपासून कपड्यांपर्यंत सगळं एकदम घेतो आणि मर्यादा पहिल्याच आठवड्यात संपते. मोठी खरेदी बिलाच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे विभागा. महिना कॅलेंडरचा मोजतात की बिलाचा, ते अटींत लिहिलेलं असतं.

५. 'इतका खर्च केला तर फी माफ'

माझ्या त्या पहिल्या कार्डावर ३ लाखांच्या खर्चावर पुढच्या वर्षाची फी माफ होती. मार्चमध्ये माझा हिशेब २,७०,००० वर होता, म्हणून जुना फ्रिज चालू असताना ३१,००० चा नवा घेतला. नोव्हेंबरात फी आलीच. मी एप्रिल ते मार्च मोजत होते, बँक कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजत होती. शिवाय माझ्या २,७०,००० मधलं पेट्रोल आणि विमा बँकेने धरलंच नव्हतं. २,९५० वाचवायला ३१,००० घातले, आणि २,९५० वाचलेही नाहीत. नवरा अजून फ्रिज उघडताना "तीन लाख झाले का गो?" विचारतो.

तेव्हा तीन गोष्टी विचारून ईमेलवर लेखी घ्या: वर्ष कोणत्या तारखेला सुरू होतं, कोणता खर्च धरत नाहीत, आणि ईएमआयवर घेतलेली वस्तू धरतात का. स्टॉलवरच्या मुलाचं तोंडी उत्तर चालणार नाही, पुढच्या वर्षी तो तिथे नसतो.

६. लाउंज आणि व्हाउचर

लाउंजची किंमत जाहिरातीत हजार-बाराशे लावतात. तुम्ही एरवी विमानतळावर जेवढे खर्च केले असते तेवढीच धरा. मी चहा आणि सामोसा घेतला असता, म्हणून ३०० लावते. वर्षातून दोन प्रवास, जाता-येता धरून फार तर १,२००. गोव्यात आणखी एक भानगड आहे: विमानतळ दोन. मोपाचा जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि दाबोळीही चालू आहे. कार्डाच्या यादीत लाउंज कुठलं आहे आणि तुमचं विमान कुठून सुटतं, हे जुळवून बघा. आजकाल पुष्कळ कार्डं आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात.

व्हाउचर त्या दुकानात तुम्ही एरवी जात असाल तरच पूर्ण किमतीचं. नाही तर निम्मं धरा. गोव्यात शाखा नसेल तर शून्य.

घरात कोणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारं) असेल किंवा परदेशात वारंवार जात असेल तर हिशेब बदलतो. परकी चलनातल्या खर्चावर बरीच कार्डं ३.५ टक्के मार्कअप (जादा शुल्क) घेतात, जीएसटीसकट ४.१३ टक्के. परदेशात वर्षाला लाखभर खर्च होत असेल तर मार्कअप नसलेलं कार्ड एकट्या त्या कलमावर चार हजार वाचवतं. माझ्या मावसभावासाठी फीचं कार्ड योग्य ठरलं ते एवढ्याच कारणाने.

७. अर्ज करताना

कागदपत्रं: पॅन, आधार, फोटो, शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. धंदा असेल तर बहुधा दोन वर्षांची विवरणपत्रं. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, ते सोपं पडतं.

गोव्यातली खास अडचण नावाच्या स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर जुनं पोर्तुगीज वळणाचं आडनाव, आधारवर वेगळं, पॅनवर तिसरंच. अर्ज इथेच अडकतो. आधी पॅन आणि आधार जुळवून घ्या, मग अर्ज.

व्हिडिओ केवायसीला मूळ पॅन हातात हवं, लोकेशन चालू हवं आणि नेटवर्क स्थिर हवं. सत्तरी तालुक्यातल्या आईच्या घरून माझा कॉल तीनदा तुटला. शेवटी फोंड्याला येऊन केला.

एका वेळी एकाच कार्डाला अर्ज करा. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टवर चढते.

८. फीची तारीख जवळ आली की

मोबाइलमध्ये फीच्या तारखेच्या ४५ दिवस आधीची आठवण लावा. त्या दिवशी वही उघडा आणि चौथ्या पायरीचं गणित त्या वर्षाच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडा. तोटा निघाला तर ग्राहक सेवेला फोन करा: "फी माफ होत नसेल तर कार्ड बंद करायचं आहे." कधी फी माफ होते, कधी निम्मी होते, कधी "एवढा खर्च करा" म्हणतात. तो खर्च तसाही होणार असेल तरच हो म्हणा. किंवा त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून मागा.

बंदच करायचं ठरलं तर क्रम असा: पॉइंट वटवा, त्या कार्डावरचे ऑटो-पे दुसरीकडे हलवा, बाकी शून्य करा, मग लेखी विनंती पाठवा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यानंतर दर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. फोनवरचा माणूस टोलवाटोलवी करू लागला की हा नियम त्याला शांतपणे सांगा. तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. कार्ड बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर ते 'बंद' दिसतंय का बघा.

माझं ते पहिलं कार्ड चौथ्या दिवशी बंद झालं. ११० पॉइंट मात्र बुडाले, किमान ५०० झाल्याशिवाय ते वटत नव्हते.